तिसऱ्या दगडाखालचं पाणी

पांडेसरा, सुरत
६ मे १९९३

भाऊ,

नमस्कार लिहितोय. घ्यायचा की तसाच परत पाठवायचा ते तुझं तू बघ. धाकटा पडलो, म्हणून आधी लिहिणं माझ्याच वाट्याला.

आखाजीचा सण करून आम्ही दोघं सुखरूप पोचलो. तुझी भावजय चंचल नंदुरबारपासून गाडीत उभ्यानं आली अन् आता सुजलेले पाय घेऊन मला बोल लावतेय. तू आम्हाला स्टँडवर सोडायला आला नाहीस. येताना मात्र माझी पत्र्याची पेटी आपल्या खांद्यावर घेतलीस अन् वाटेत म्हणालास, "दगडं भरी लयना का रे?" दोन वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याशी हसून बोललास. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आमच्या मागं डोहातले मासे मेले म्हणे. श्रीरंग आमच्यानंतर दोन दिवसांनी गावाहून आला, त्यानं सांगितलं. तो आता माझ्याच गिरणीत, माझ्या शेजारच्या मशीनवर आहे. काठाला सगळे पांढरी पोटं वर करून पडले होते अन् बाया रडत होत्या म्हणाला. आता यात दोष कुणाला द्यायचा? ऊन किती पडलंय बघ. उथळ पाणी तापलं की मासा मरतोच. नाहीतर वरच्या अंगाला कुणी फवारणीचा पंप धुतला असेल. इथं आमच्या खाडीत रोज मरतात, कुणी रडत बसत नाही.

तुला राग येईल, पण एकदा लिहूनच टाकतो. त्या माशांपायी माझं घर उठलं. बंधाऱ्यावर पाण्यातल्या आसरा देवींचे सात दगड, वरून मोजायचे. पाणी तिसऱ्या दगडाखाली गेलं की पाटाचं दार पाडून पाणी बंद करायचं, मग फडातल्या शेतांत कुणाचं काहीही उभं असो. खालचं पाणी आसरांचं अन् त्यांच्या माशांचं. आजोबा पाटकरी होते, पाटाचं पाणी वाटायचे, त्यांनी दार पाडलं. बाप पाटकरी, त्यानं पाडलं. मग तुझ्या हातात फावडं आलं, तू कसा मागं राहशील? एक्क्याण्णवच्या माघात माझा गहू ओंबीत दूध धरत होता. एक पाणी मागत होतो, एकच. चार माणसांदेखत पाटावर तुझ्या पाया पडलो. तू म्हणालास, आज तुला दिलं तर उद्या सगळ्यांना द्यावं लागेल. अन् माझ्या डोळ्यांसमोर फळी खाली सोडलीस. तो गहू मी कापलासुद्धा नाही, गुरं सोडली त्यात.

बरं, झालं ते झालं. आता मासेच नाहीत, मग दार कुणासाठी पाडायचं? शांतपणे विचार कर. रब्बीला दोन पाणी जास्तीची मिळणार असतील तर मी सुरत सोडून येतो. या रंगाच्या वाफेत मला मरायचं नाही. माझी नखं निळी झालीत, घासून जात नाहीत.

एक विचारू? डोहाची राखण सुपडू भिलाकडे आहे ना? त्या दुपारी तो होता कुठं? मी आपलं विचारतोय.

तुझा
सुकदेव


पांडेसरा
१ ऑगस्ट १९९३

भाऊ,

तुला पाठवलेलं शर्टाचं कापड परत आलं. पुडक्याची सुतळीसुद्धा सोडली नव्हतीस. पोस्टमन म्हणाला, "लेनेसे ना बोला." चाळीतल्या सगळ्यांनी ऐकलं. तेवढ्यासाठी तरी ठेवून घ्यायचं होतंस, मग भले बुजगावण्याला घातलं असतंस.

गेल्या रविवारी आम्ही इथं कानबाई बसवली. आपल्याकडची वीस-पंचवीस घरं आहेत आमच्या गल्लीत, वाजतगाजत आणली. नैवेद्याच्या रोटाचे गहू काढताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ काढायची. चंचलनं माझी काढली अन् विचारलं, "जेठजींची काढू का?" मी म्हटलं, त्यांचं घर वेगळं, ते तिकडं काढतील. तुझ्या घरी माझ्या नावाची निघाली की नाही, एवढं वहिनीला विचारून कळव. दुसरं काही मागत नाही.

सुपडूचं कळलं. गावानं चावडीवर त्याला उभं केलं, माशांना औषध त्यानंच घातलं म्हणाले, बाजारात विकायला. त्याचं झोपडं मोडलं. मारताना गुडघा गेला म्हणतात. धुरपदाबाईनं नवऱ्याला खांद्याचा आधार देत नदी ओलांडली अन् ती दोघं गेली, कुठं ते कुणाला माहीत नाही. श्रीरंगाला त्याच्या भावाचं पत्र आलं, त्यात एवढं सगळं आहे.

मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, भाऊ. मी फक्त विचारलं होतं, तेही तुला एकट्याला. तू माझं पत्र कुणाला दाखवलंस का?

त्या बैठकीत तू पहिल्या ओळीत बसला होतास अन् शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाहीस, असंही त्यात लिहिलंय. बरोबर आहे. पाटकऱ्यानं कमीच बोलावं. पण सुपडू अन् तू लहानपणी एकाच म्हशीवर बसून नदीला जायचात. मला वाटलं होतं तू काहीतरी बोलशील.

चंचल म्हणते तुमचं जेवण कमी झालंय. उन्हाळ्यात होतं कमी. आता पाऊस पडतोय तरी होत नाही, ते वेगळं.

सुकदेव


पांडेसरा
११ मार्च १९९४

भाऊ,

यंदा महाशिवरात्र आली तरी पाट चालतोय! श्रीरंग परवा गावाहून आला, गव्हाच्या ओंब्या घेऊन आला दाखवायला. बोटाएवढ्या. मी गिरणीत सगळ्यांना दाखवल्या. पाणी तिसऱ्या दगडाखाली गेलं, चौथ्याखाली गेलं, कुणी दार पाडलं नाही. तू फळी घेऊन गेलास तेव्हा तुला म्हणाले, आता कुणासाठी पाडतोस? तू फळी खांद्यावर टाकून परत फिरलास असं ऐकलं. हेच मी तुला लिहिलं होतं ना? मासे गेले तर काय आभाळ कोसळलं का?

इतकी वर्षं आपण शंभर घरांनी उपाशी राहायचं अन् डोहात हातभर लांब मासे माजायचे. त्यांना चुरमुरे टाकायचे, त्यांच्या नाकात नथ घालायची. माझ्या बायकोच्या नाकात तेव्हा काडी होती, भाऊ. हे कुणी बघितलं नाही.

डोहातून पाणी उपसायला तीन इंजिनं बसली म्हणे. पाटीलवाड्याचं एक, श्रीरंगाच्या भावाचं एक. तू पाटावर जायचं सोडलंस अन् फावडं घरात ठेवलंस. रुसू नकोस. फड आहे तर पाटकरी लागणारच.

माझं ठरलं. पावसाळ्याआधी शेठला सांगून टाकतो. जमीन दीड बिघाच, तीही पाटाच्या अगदी शेवटाला, पण पाणी आलं तर दोन माणसांना पुरे. चंचल आताच भांडी मोजायला लागलीय, कोणती न्यायची अन् कोणती इथं विकायची. तू काही बोलला नाहीस तरी चालेल, मी समोर राहायला येतोय.

सुकदेव


पांडेसरा
२ नोव्हेंबर १९९४

भाऊ,

हे पत्र लिहायला घेतलं अन् तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहितोय, ते तसंच पाठवणार.

उन्हाळ्यात मी आलो नाही, कारण श्रीरंगाकडून ऐकलं होतं. चैत्रातच डोह तळाला गेला, मग विहिरी गेल्या, मग लोकांनी गुरं साक्रीच्या बाजाराला काढली. मी म्हटलं, एखादं वर्ष वाईट असतं. सप्टेंबरात इथं प्लेग आला अन् अर्धी सुरत स्टेशनावर लोटली, तेव्हा आम्हीही निघालो. गावानं सुरतेच्या माणसांना शिवेवरच अडवलं. त्यात त्यांचं काही चुकलं असं म्हणत नाही. आम्हा दोघांना पाटाच्या पल्याड जागल्याच्या झोपडीत ठेवलं. तू रोज सकाळी फडक्यात भाकरी बांधून पाटाच्या अलीकडे ठेवायचास अन् मागं न बघता जायचास. वहिनीच्या हातची लसणाची चटणी होती. चंचल रडत खायची.

तिथं बसून मी तीन आठवडे डोह बघत होतो. पावसाचं पाणी भरलं होतं, पण हिरवं. वर शेवाळाची साय. कडेला डासांची अंडी, अळ्या, नुसती वळवळ. मासे होते तेव्हा डोहात पडलेलं पैशाचं नाणं दिसायचं. गावात घरोघरी तापाची पोरं होती, ते आम्हाला झोपडीतून ऐकू यायचं. फड तर राहिलाच नाही. एका फडात एक पीक, पाटकऱ्यानं द्यायचं तेवढं पाणी, ती पद्धतच मोडली. ज्याचं इंजिन त्याचा ऊस. माझ्या दीड बिघ्यापर्यंत पाण्याचा थेंब येत नाही. तू दार पाडायचास तेव्हा सगळ्यांना सारखं कमी पडायचं. आता पाच घरांना पुरून उरतं अन् बाकीचे माझ्यासारखे सुरतेला यायची वाट बघतात.

नवव्या दिवशी तू भाकरी ठेवलीस अन् गेला नाहीस. पाटाच्या गावाकडच्या काठावर उभा राहिलास. मला वाटलं, आता घरी चल म्हणशील. तू विचारलंस, "कितली व्हती?"

मी म्हटलं, काय कितली? तू आदल्या दिवसाचं रिकामं फडकं उचललंस अन् चालता झालास. त्यानंतर आम्ही निघेपर्यंत भाकरी दुसऱ्याच कुणाच्या हातून आली.

तर ऐक. पेटीत मावेल तेवढी होती. वर चंचलसाठी घेतलेले साड्यांचे तुकडे अन् खाली प्लास्टिकच्या पिशव्यांत गिरणीतली कापड पांढरं करायची पावडर. तूच खांद्यावर आणलीस ती. इथं खाडीत तिचं पाणी सोडतात तेव्हा काय होतं ते मी रोज बघतो, म्हणून सुचलं. मला मासे नको होते, माशांवर राग नव्हता. मासे नसले तर दार पाडायचं कारण उरणार नाही, दार पाडलं नाही तर माझा गहू पिकेल, गहू पिकला तर मी घरी येईन. असा सरळ हिशेब मांडला होता. आखाजीच्या दुपारी सगळं गाव पुरणपोळी खाऊन आडवं झालेलं. राहिला सुपडू, तो डोहावरून हलत नाही. मग मीच त्याला आपल्या ओट्यावर जेवायला बोलावलं. वहिनीनं त्याला वाढलं, तू त्याच्यासमोर बसलास. मी म्हटलं, जरा शेताकडं जाऊन येतो. त्यानं आमरसाची दुसरी वाटी घेतली तोवर माझं काम झालं होतं.

म्हणजे तो त्या दुपारी कुठं होता हे तुला माहीत होतं. आपल्याच ओट्यावर तुझ्यासमोर होता. पेटी येताना जड अन् जाताना हलकी, तेही तू बघितलंस. मासे वर आल्यावर तुला सगळं जुळलं असेल. अन् तरी चावडीत गप्प बसलास, कारण सुपडू सुटला असता तर लोकांनी विचारलं असतं, मग कोण. मी इतके दिवस समजत होतो की तू माझ्यावर रागावून बोलत नाहीस. तू मला वाचवत होतास, अन् त्यापायी तुला माझं तोंड बघवत नव्हतं.

मला तुझे उपकार मानवत नाहीत. अन् तुला शिव्याही देता येत नाहीत.

कधी वाटतं, त्या माघात तू फळी चार बोटं वर ठेवली असतीस अन् मी अर्ध्या गव्हावर भागवलं असतं, तर मासेही जगले असते अन् मीही. पण तेव्हा तू बापाचा शब्द धरून बसलास अन् मी माझी ओंबी. चार माणसं बोलावून, बसून, हे असं करता येईल का म्हणून कुणीच विचारलं नाही. तूही नाही, मीही नाही.

हे पत्र जाळ.

सुकदेव


भेस्तान
१७ मार्च १९९६

भाऊ,

दीड वर्षानं लिहितोय. आम्ही आता भेस्तानला खोली घेतली आहे. शेजारी नव्या इमारती उठतात, तिथं पाट्या वाहणाऱ्या बायांत एक ओळखीची दिसली. मी तोंड फिरवून निघालो होतो, तिनंच हाक मारली, "सुकदेव भाऊ ना? पाटकरीना भाऊ?" धुरपदाबाई होती.

तिला केवढा आनंद झाला काय सांगू! गावचा माणूस भेटला म्हणून मला हाताला धरून बसवलं, विटांवर चहा करून पाजला. सुपडू गेला. गाव सोडल्यावर ती दोघं बारडोलीकडं ऊसतोडीला गेली. मोडका गुडघा घेऊन मोळी उचलायची म्हणजे काय होणार. गेल्या पौषात ताप भरला अन् पडावातच गेला. तिथंच जाळलं. ती म्हणाली, "तुमच्या घरच्या आखाजीच्या पुरणपोळीची आठवण ते शेवटपर्यंत काढायचे. गावात पोटभर जेवले ते तेवढंच शेवटचं."

तिला तुला पत्र लिहायचं होतं अन् लिहिणारा मिळत नव्हता. मी लिहितो म्हटलं. ती तिच्या बोलीत बोलली, मी माझ्या भाषेत उतरवतो. एका शब्दाचाही अर्थ बदललेला नाही.

"निंबा पाटकरी भाऊ यांना धुरपदाबाईचा रामराम. माझा माणूस गेला. आमच्यात माणूस गेला की त्याचा दगड बसवतात. त्याच्या बापाचा, आज्याचा दगड डोहाच्या काठाला आहे, त्यांच्या रांगेत त्याचा बसवायचा आहे. दगड मी इथं घडवून घेतला, माझ्याजवळ आहे. पण गाव म्हणेल, यानं आसरांचे मासे मारले, याचा दगड इथं नको. तुम्हाला माहीत आहे त्यानं मारले नाहीत. त्या दुपारी तो तुमच्या ओट्यावर जेवत होता. तुम्ही सांगाल म्हणून आम्ही चावडीत तुमच्या तोंडाकडं बघत होतो. तेव्हा सांगितलं नाही, त्याचं काही कारण असेल. आता सांगा. दुसरं काही नको. झोपडं नको, राखण नको. तो दगडाशिवाय भटकतोय, मला दिसतो."

एवढं सांगून ती माझ्याकडं वळली. म्हणाली, "सुकदेव भाऊ, तुम्हीपण होतात की त्या दिवशी घरी. तुम्हीपण खाली लिहा, साक्षीला."

मी लिहितो. भाऊ, हे पत्र चावडीत वाच, तिचंही अन् माझंही. आसरांचे मासे मी, सुकदेवनं मारले. सुरतेहून पावडर आणून मारले. सुपडूला आमच्या घरी जेवायला बसवून मारले. माझ्या भावाला आधी माहीत नव्हतं, नंतर कळलं. गावानं मला जो दंड द्यायचा तो द्यावा, जमीन काढून घ्यावी, शिवेत पाऊल टाकू देऊ नये. सुपडूच्या दगडाला जागा द्यावी.

तिला मी हे खालचं वाचून दाखवलं नाही. साक्ष लिहिली म्हणालो. तेवढं धैर्य मला झालं नाही.

सुकदेव


सुरत स्टेशन
१३ एप्रिल १९९६, सकाळ

भाऊ,

तुझं कार्ड गुरुवारी आलं. पाच वर्षांत तुझ्या हातचं हे पहिलं अक्षर. ते इथं उतरवून काढतो, म्हणजे मी काय वाचलं ते तुला कळेल.

"सुकदेवास. पत्र चावडीत वाचलं. मला माहीत होतं हेही मी उभं राहून सांगितलं. मग पाटील म्हणाले, झालं ते झालं, त्याला आता तीन वर्षं झाली, उकरून काय उपयोग. दगडाला जागा नाही, तिथं इंजिनाचा सिमेंटचा ओटा आहे. दंड कुणी मागितला नाही. दुसऱ्या दिवशी तिघे घरी आले. पावडर कोणती अन् सुरतेत कुठं मिळते हे विचारत होते. वरच्या अंगाच्या बोरटी गावचा डोह अजून भरलेला आहे. तिथला पाटकरी माशांसाठी बंधाऱ्याचं दार पाडतो, म्हणून खाली आपल्याकडं पाणी येत नाही. मी सांगितलं नाही. श्रीरंगाचा भाऊ म्हणाला, नका सांगू, आमचा श्रीरंग त्याच गिरणीत आहे. निंबा."

हे वाचल्यावर मला सोमवारची गोष्ट आठवली. श्रीरंग गिरणीच्या दारात भेटला होता. म्हणाला, "तुझा गहू वाळत होता तेव्हा तुला कुणी अडवलं? माझा चार बिघे कांदा वाळतोय." मला वाटलं, गावात माझं पत्र वाचलं त्यावरून टोमणा मारतोय. मी मान खाली घालून पुढं गेलो. कार्ड आल्यावर त्याच्या खोलीवर धावलो. त्याची बायको म्हणाली, ते आखाजीला म्हणून कालच गेले, वळकटी फार जड होती, दोघांनी रिक्षात चढवली.

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण काय ओरडू? त्याचा कांदा खोटा नाही. उभं पीक वाळताना बघणं काय असतं ते मला माहीत आहे. अन् हा रस्ता त्याला मीच दाखवला, मोठ्या सज्जनपणे, चावडीत वाचायला लावून.

काल धुरपदाबाई उत्तर ऐकायला आली. मी ठरवलं होतं, इंजिनाच्या सिमेंटच्या ओट्यापर्यंत वाचायचं अन् थांबायचं. पण माझं आधीचं लपवलेलं न सांगता कार्ड वाचताच येईना. मग सगळंच सांगितलं, पेटीपासून. चंचल दारात उभी होती, तिनंही पहिल्यांदाच ऐकलं. ती आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. धुरपदाबाई उठून माझ्यासमोर आली. मारेल असं वाटलं, मारावं असं वाटलं. ती म्हणाली, "बोरटी माझं माहेर आहे. तिथल्या डोहाची राखण माझा भाऊ करतो." मग विचारलं, "गाडी किती वाजता असते?"

आता आम्ही प्लॅटफॉर्मवर आहोत. ती समोरच्या खांबाला टेकून बसली आहे, तो दगड लुगड्यात बांधून मांडीवर घेतलाय. दोन तिकिटं काढली आहेत. आखाजीला अजून आठवडा आहे अन् श्रीरंग दुपारचाच मोका साधेल, सगळे जेवून पडलेले असतील तेव्हा. बोरटीत जाऊन मी माझ्या तोंडानं सांगणार आहे की हे असं होणार आहे, हे मी केलं होतं, अन् डोहात काही झालं तर तुमच्या राखणदाराला हात लावू नका.

असं ठरवलंय. पण मी स्वतःला ओळखतो, भाऊ. झोपडीत असताना तू समोर उभा राहून विचारलंस तेव्हा मी "काय कितली?" म्हणालो होतो. सुपडूचा गुडघा मोडला तेव्हा मी गव्हाच्या ओंब्या दाखवत हिंडलो. नंदुरबारला गाडी बदलताना माझे पाय परत सुरतेच्या गाडीकडं वळले तर मला नवल वाटणार नाही. म्हणून हे पत्र इथल्याच पेटीत टाकतोय. मी नाही पोचलो तरी हे पोचेल. मिळाल्यावर घरी थांबू नकोस. चावडीत तू एकदा गप्प बसलास, या वेळी पायी जावं लागलं तरी बोरटीला जा.

माझी वाट बघू नकोस.

सुकदेव